माहेरी जाताना लस कशाला?

आमच्या जीपीच्या दवाखान्यात प्रवासाआधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. कुठे चाललात, किती दिवस, आणि कशासाठी: सुट्टी, काम की नातेवाइकांची भेट. मी नातेवाइकांच्या रकान्यात खूण केली आणि मनात म्हटलं, आपलं काम सोपं आहे. हॉटेल नाही, बाहेरचं जेवण नाही, आईच्या घरी तर चाललोय. नर्सने फॉर्म वाचला आणि म्हणाली, "मला सगळ्यात जास्त काळजी याच रकान्याची वाटते."

तिचं म्हणणं असं की, पर्यटक म्हणून भारतात जाणारा गोरा माणूस दोन महिने आधी येऊन सगळ्या लसी घेतो, बाटलीबंद पाणी पितो आणि दोन आठवड्यांत परततो. आपण मात्र महिनाभर राहतो, गावात राहतो, समोर येईल ते खातो आणि लसीबद्दल विचारलं तर म्हणतो, 'आम्ही तिथलेच.' इंग्लंडमध्ये सापडणारे टायफॉइडचे बहुतेक रुग्ण भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून परतलेले असतात, आणि त्यातले बरेचसे आपल्याच माणसांना भेटायला गेलेले. मी मान हलवत राहिले. आमची लेक त्या आकड्यात धरली गेली नव्हती, कारण ती इथे येईपर्यंत थांबलीच नाही, आदिलाबादलाच आजारी पडली.

ती गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली. शाळेची मोठी सुट्टी, लेक साडेपाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. तिसऱ्या आठवड्यात लेकीला ताप आला. आधी वाटलं, पावसात भिजली. मग ताप चढत गेला, खाणं बंद झालं, आणि टायफॉइड निघाला. आठ दिवस सलाइन, रोज हातात सुई. बरी झाली, पण ठरलेलं काहीच झालं नाही. कुंतला धबधबा राहिला, मामाच्या शेतावर जाणं राहिलं. परत आल्यावर तिने शाळेत आजीच्या घराचं चित्र काढलं, त्यात एक पलंग आणि एक सलाइनची बाटली. नंतर आदिलाबादचं नाव काढलं की ती म्हणायची, "तुम्ही जा, मी बाबांबरोबर इथे राहते."

आणि माझ्या आईने मनाशी पक्कं धरलं की, हे तिच्या घरच्या पाण्याने झालं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकदा तरी म्हणायची, "लेकराले माह्या घरचं पाणी बाधलं." वडिलांनी नवा फिल्टर बसवला. पहिल्यांदा तो दाखवायला आईने फोन स्वयंपाकघरात नेला, तेव्हा मी कॅमेऱ्यासमोरून उठून गेले. का, ते पुढे सांगते.

आदिलाबाद साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताच्या खाली, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे अगदी उष्ण कटिबंधात. मी तिथे अठरा वर्षं वाढले, मग हैदराबादला उस्मानियातून बी.ई. केलं, नोकरी लागली, लग्न झालं, इंग्लंडला आले. या सगळ्यात मी कधी 'उष्ण कटिबंधातल्या देशातली' होते असं मला वाटलंच नव्हतं. पण माझी मुलं इथे जन्मली आहेत. त्यांच्यासाठी ते आजोळ असलं तरी त्यांचं शरीर आणि त्यांचं पोट पाहुण्याचं आहे. आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांनी माझंही आता पाहुण्याचंच झालंय. मागच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो, आणि या वेळी एखाद्या प्रोजेक्टसारखी तयारी केली. मंडळाच्या कार्यक्रमात तीन-चार मैत्रिणींनी विचारलं, म्हणून लिहितेय. डॉक्टरचा सल्ला डॉक्टरकडूनच घ्या. मी फक्त कुठे चुकले आणि काय उपयोगी पडलं ते सांगते.

लसींसाठी निदान सहा आठवडे आधी जा. टायफॉइड आणि हेपेटायटिस ए या दोन्ही लसी इथे एनएचएसमध्ये फुकट मिळतात, तरी मी २०२३ मध्ये घेतल्या नव्हत्या, हे लिहितानाही लाज वाटते. टायफॉइडचं इथलं इंजेक्शन दोन वर्षांवरच्या मुलांना देतात आणि त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरतो, म्हणजे 'मागच्या वेळी घेतली होती' हे उत्तर चालत नाही. एकदा टायफॉइड होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, हेही मला माहीत नव्हतं. रेबीजची लस मात्र स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते आणि चार माणसांची म्हटली की खिशाला चांगलीच कात्री लागते. आम्ही मुलांना दिली, आम्ही दोघांनी घेतली नाही. कारण एवढंच की, लहान मूल कुत्र्याच्या अंगावर हात टाकतं आणि ओरखडा आला तर सांगत नाही. लस घेतलेली असली तरी चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिनसाठी धावाधाव करावी लागत नाही. ते गावाकडे लगेच मिळेलच असं नसतं. चावलं की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच.

मलेरियाचा गोंधळ वेगळा आहे. अमेरिकेतल्या माझ्या नणंदेला तिथल्या डॉक्टरने भारतासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि मला इथल्या नर्सने सांगितलं की, तुमच्या जिल्ह्यासाठी डास टाळा, तेवढं पुरे. दोघींचंही बरोबर होतं. अमेरिकेचा सल्ला जवळजवळ सगळ्या भारतासाठी गोळ्यांचा आहे, ब्रिटनचा काही ठराविक जिल्ह्यांपुरता. म्हणून डॉक्टरकडे जाताना नुसतं 'इंडिया' सांगू नका. जिल्हा सांगा, महिना सांगा, जंगलाजवळ किती रात्री राहणार ते सांगा. आदिलाबादच्या आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात तापाची साथ काही नवीन नाही.

डासांबद्दल मला लहानपणापासून एकच ठाऊक होतं: संध्याकाळी दारं लावायची. ते मलेरियाच्या डासासाठी ठीक आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आता आदिलाबादचं घर डोळ्यांसमोर आणा. उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, त्यामुळे खिडकीला कूलर. जूनमध्ये पाऊस येतो, कूलर बंद होतो, पण त्याची टाकी कोणी रिकामी करत नाही. आमच्या घरी त्या टाकीला लागून मुलांचा पलंग होता! या वेळी निघण्याआधी मी वडिलांना फोन करून टाकी उपसून पुसून घ्यायला लावली. ते म्हणाले, "तू लंडनात बसून माझा कूलर धुवायला लावते." इथून ५० टक्के डीटचं मलम नेलं, मच्छरदाणी तिथेच घेतली. उन्हाचं क्रीम आधी लावायचं, त्यावर डासांचं. उलटं नाही.

आता औषधांची पिशवी. यातली एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी असं मला वाटतं: पॅरासिटॅमॉलच्या बाटलीवरचं प्रमाण वाचा. इथलं लहान मुलांचं सिरप ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, मोठ्या मुलांचं २५०. भारतात सिरप साधारण त्याच प्रमाणात मिळतं, पण बाळांचे थेंब मिळतात ते १ मिलीला १०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. इथल्या सवयीने चमचाभर पाजलं तर काय होईल बघा. दुसरं, तापाचं कारण कळेपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. भारतात पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली औषधं सर्रास मिळतात, त्यामुळे नाव बघून नव्हे, आत काय आहे ते बघून घ्या.

ओआरएसची पुडी साधारण एक लिटर पाण्याची असते. आमच्या घरी ती पेल्यात अर्धी-अर्धी घालायची पद्धत होती, 'घट्ट केलं की लवकर गुण येतो' म्हणून. तसं केल्याने क्षार फार वाढतात आणि मुलाला अपाय होतो. एक पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. आणि दुकानात मिळणारी रंगीत खोकी ओआरएस समजून घेऊ नका. त्यात साखर भरमसाट असते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या प्रश्नावर कित्येक वर्षं भांडत होत्या आणि अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. जुना माल कुठेतरी कोपऱ्यात असू शकतो, म्हणून सांगते.

कधी जायचं हा प्रश्न आपल्या हातात फारसा नसतो. ईस्टरला गेलात तर उन्हाळा सुरू झालेला, मेच्या सुट्टीत तर घराबाहेर पडणं मुश्कील. ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार, धबधबे भरून वाहतात, पण डास आणि गढूळ पाणी तेव्हाच. म्हणून आम्ही डिसेंबर निवडला आणि तिथेही चुकलो. उष्ण कटिबंध म्हणून मुलांचे बिनबाह्यांचे कपडे भरले, आणि आदिलाबाद निघालं तेलंगणातलं सगळ्यात थंड गाव. हिवाळ्यात तिथे रात्रीचा पारा एक आकडी येतो. इथे बाहेर शून्य असलं तरी घरात हीटिंग असतं. तिथे घरात आणि बाहेर सारखंच. पहिल्या रात्री धाकटा आजोबांची मफलर आणि आजीची शाल गुंडाळून झोपला. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन स्वेटर आणले.

खरं तर मला मुलांना पौषातल्या अमावास्येला न्यायचं होतं. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा असते. मेश्राम कुळाचे गोंड गोदावरीचं पाणी आणायला पायी निघतात, मैलोन्‌मैल चालून ते आणतात, आणि अमावास्येच्या रात्री पूजा होते. लहानपणी वडील आम्हाला तिथे एसटीच्या बसने न्यायचे. आंध्राचीच बस ती, पण आमच्या घरी तिला एसटीच म्हणत. गोंडी, तेलुगू, मराठी, उर्दू अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडायच्या, आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नसे. पण ती अमावास्या जानेवारी-फेब्रुवारीत येते, आणि इंग्लंडमध्ये शाळेचे पाच दिवस परवानगीशिवाय बुडाले की आई-बाबा दोघांना, प्रत्येक मुलामागे, ८० पौंड दंड. दोन पालक. हिशेब करा. जत्रा राहिली.

हैदराबादहून आदिलाबाद तीनशे किलोमीटर, ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने सहा तास. नागपूरहून जवळ पडतं, पण इथून थेट विमान हैदराबादचं. विमान रात्री पोहोचणार असेल तर हैदराबादला झोपा आणि उजाडल्यावर निघा. डिसेंबर म्हणजे कापसाचा हंगाम. दिव्याशिवाय चालणारे ट्रॅक्टर आणि कापूस भरून रुंद झालेले ट्रक अंधारात दिसत नाहीत. मुलांच्या सीट इथून नेल्या, यावरून नातेवाइकांत बरंच हसं झालं. टॅक्सी ठरवताना मी विचारलं होतं, मागे पट्टे आहेत ना? आहेत म्हणाले. होतेही, पण सीटच्या नव्या कव्हरखाली गाडलेले. ड्रायव्हर काकांनी आणि नवऱ्याने विमानतळाच्या पार्किंगमध्ये अर्धा तास कव्हर उसवून बक्कल बाहेर काढली. काका म्हणाले, "मॅडम, मांडीवर घ्या, मी हळू चालवतो." मी म्हटलं, तुम्ही हळू चालवाल, समोरचा चालवेल का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा सीट सक्तीची आहे, पण ते सांगत बसले नाही. निर्मळच्या पुढे घाट लागतो तिथे दोघांनाही उलटी झाली. जुनी वर्तमानपत्रं आणि पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नको.

या वेळी कुंतला पाहिला. नेरडीगोंड्याजवळ कडम नदी तिथे पंचेचाळीस मीटर खाली पडते. डिसेंबरात धार बारीक झालेली, पण त्यामुळेच मुलांना पायऱ्यांनी खाली नेता आलं. भर पावसात मी नेलं नसतं. तिथे दगड शेवाळलेले असतात, डोह खोल आहेत आणि जवळजवळ दर वर्षी कोणी ना कोणी सेल्फीच्या किंवा पोहण्याच्या नादात बुडतं. चपला नको, पकड असलेले बूट हवेत. वाटेतल्या जंगलात रस्त्याकडेला माकडं टोळीने बसतात. गाडीतून केळं फेकणारे त्यांना सवय लावतात आणि मग ती हातातली पिशवी ओढतात. लेकीने बिस्किटाचा पुडा स्वतःच दप्तरात दडवला आणि भावाला दटावलं, "चावलं तर परत सुई."

राहिला पाण्याचा प्रश्न. तो माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता, आणि त्याला कुठल्या यादीत उत्तर नाही. आपल्याच आईच्या घरात मुलांसाठी वेगळं पाणी मागायचं कसं? मी ठरवलं होतं की, गेल्या गेल्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच उकळायला ठेवायचं. पण आम्ही पोहोचलो तेव्हा गॅसवर आधीच पातेलं होतं, झाकलेलं. दोन स्टीलच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या, त्यांवर आईने लाल दोरा बांधलेला, मुलांच्या म्हणून ओळखायला. जेवताना ती ताट वाढून दूर उभी राहिली, आणि लेकीने पहिला घास घेईपर्यंत तिचा चेहरा मला बघवेना.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी तिला सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये, ताप यायच्या दहा-बारा दिवस आधी, मी लेकीला बसस्टँडजवळच्या गाड्यावर पाणीपुरी खाऊ घातली होती. मी शाळेत असताना खायचे, तसलाच गाडा. फक्त गोड पाणी, तिखट नको, अशी मोठी काळजी घेऊन! तिने चार खाल्ल्या, आणि आम्ही दोघींनी ठरवलं की आजीला सांगायचं नाही, जेवायला भूक राहणार नाही म्हणून. कशामुळे झालं हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. पण आई दोन वर्षं स्वतःच्या माठाला दोष देत होती आणि मी कॅमेऱ्यासमोरून उठून जात होते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पावसाळ्यात? गाड्यावर?" आणि थोड्या वेळाने, "दोन वर्षं मले घोर लावला व माय." चिडली होती, चिडायलाच हवं होतं. सकाळी उठून तिने घरीच पुऱ्या तळल्या, पुदिन्याचं पाणी उकळलेल्या पाण्यात केलं, आणि सगळ्यांत पहिली पुरी मला न देता लेकीला दिली. तीन आठवड्यांत धाकट्याचं पोट एकदा बिघडलं, दीड दिवसात ठीक झालं. एवढंच.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांनी बदलतो. नवा आला की ओसीआयच्या वेबसाइटवर त्याची प्रत आणि नवा फोटो चढवायला विसरू नका. आमच्या ओळखीतल्या एकांना चेक-इनला ते आठवलं. रोजची औषधं मूळ खोक्यात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. आणि सुट्टे पैसे बरोबर ठेवा. आतल्या गावांत नेटवर्क गेलं की फोनवरचे पैसे कागदाइतकेही उपयोगाचे नसतात.

परत आल्यावरचं एक राहिलं. वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की भारतात जाऊन आलोय. मलेरियाचा एक प्रकार यकृतात दडून महिन्यांनी डोकं वर काढतो, आणि इथला डॉक्टर आपणहून ते विचारेलच असं नाही. मी कॅलेंडरवर पुढच्या डिसेंबरपर्यंत आडवी रेघ मारून ठेवली आहे.

धाकट्याचा हेपेटायटिसचा दुसरा डोस जूनमध्ये आहे. परवाच्या रविवारी फोनवर आईने फिल्टर दाखवला नाही, पाण्याचं काढलंच नाही. तिने विचारलं, "लेकराची लस कधीये म्हणालीस?" आणि लेक मागून ओरडली की, पुढच्या वेळी आजीने त्या पुऱ्या जरा मोठ्या कराव्यात, पाणी मावत नाही.